नेटवर्कवरच्या फाइलची लिंक पुन्हा पुन्हा तुटते: स्प्रेडशीटमध्ये पूर्ण पत्ता कसा टिकवावा

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या बहुतेक लहान कारखान्यांत एक ड्रॉइंग रजिस्टर असते. एक्सेलची एक फाइल, तिच्यात ड्रॉइंग क्रमांक, सुधारणा क्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव आणि शेवटच्या रकान्यात 'उघडा' असे निळ्या अक्षरांतले शब्द, ज्यांवर क्लिक केल्यावर सर्व्हरवरची पीडीएफ उघडावी अशी अपेक्षा असते. दांडिया बाजारातल्या करसल्लागारांकडे हेच रजिस्टर विवरणपत्रांचे आणि पावत्यांचे असते. तक्रार मात्र सगळीकडे एकच असते: लिंक केली तेव्हा चालत होती, आज म्हणते की फाइल सापडत नाही. कुणीतरी ती दुरुस्त करतो, काही आठवडे बरे जातात आणि मग एक एप्रिलला नव्या वर्षाचे फोल्डर तयार झाले की सगळा रकाना एकदम निकामी होतो.

दुरुस्ती टिकत नाही याचे कारण असे की बहुधा लक्षणावर उपाय केला जातो. लिंक पुन्हा त्याच पद्धतीने घातली जाते आणि त्याच कारणाने पुन्हा तुटते. या लेखात मुख्यतः विंडोजवरचे एक्सेल गृहीत धरले आहे आणि लिब्रेऑफिस कॅल्कचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. उदाहरणांतले पत्ते व सूत्रे देवनागरीत लिहिली आहेत. फंक्शनची नावे, सेलचे क्रमांक, ड्राइव्हचे अक्षर आणि फाइलचे शेपूट (नावातल्या टिंबानंतरचा भाग) प्रत्यक्षात रोमन लिपीतच टाइप करायचे आहे.

दोष लिंकचा की नेटवर्कचा

स्प्रेडशीटला हात लावण्यापूर्वी विंडोजचे बटण आणि आर ही कळ एकत्र दाबून उघडणाऱ्या 'रन' चौकटीत फोल्डरचा पूर्ण पत्ता, म्हणजे \\भांडार\ड्रॉइंग असा, स्वतः टाइप करून पाहावा. येथे 'भांडार' हे सर्व्हरचे नाव आहे आणि 'ड्रॉइंग' हे त्यावर शेअर केलेल्या फोल्डरचे. हा पत्ता येथेच उघडला नाही, तर एक्सेलमध्ये काहीही करून उपयोग नाही. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ या आवृत्तीपासून एसएमबीची (विंडोजच्या नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती नव्या संगणकावर आपोआप बसत नाही, त्यामुळे फार जुनी नॅस पेटी (नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवणारी पेटी) नव्या संगणकाला दिसेनाशी होते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत नेटवर्कवरच्या संदेशांची डिजिटल सही तपासण्याची अट कडक झाली आणि पासवर्डाशिवाय 'गेस्ट' म्हणून प्रवेश देणाऱ्या पेट्यांशी जोडणी नाकारली जाऊ लागली. संगणक अद्ययावत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी 'लिंक तुटली' असे कुणी म्हणाले, तर संशय आधी याच्यावर घ्यावा. उपाय म्हणून त्या पेटीवर प्रत्येकाला नाव व पासवर्ड द्यावा. जुनी एसएमबी पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मला धोक्याचा वाटतो.

पत्ता 'रन'मध्ये उघडतो आणि एक्सेलमधून उघडत नाही, असे दिसले तरच पुढे वाचावे.

सेलमध्ये दिसतो तो पत्ता फाइलमध्ये लिहिलेला असेलच असे नाही

'इन्सर्ट' मेनूमधून किंवा कंट्रोल आणि के दाबून घातलेली लिंक सेव्ह करताना एक्सेल पाहते की वर्कबुक आणि लक्ष्य फाइल एकाच ड्राइव्हवर किंवा एकाच शेअरवर आहेत का. तशा असतील, तर पूर्ण पत्ता टाकून देऊन ते फक्त सापेक्ष पत्ता ठेवते: या वर्कबुकच्या फोल्डरातून एक पायरी वर जा, मग अमुक फोल्डरात शिर. हा पत्ता 'मांडवीपासून डावीकडची तिसरी पोळ (गल्ली)' असा असतो. सांगणारा मांडवीपाशी उभा आहे तोवर तो बिनचूक असतो, पण तोच कागद अलकापुरीत उभ्या असलेल्याच्या हाती दिला तर निरर्थक होतो. रजिस्टर '२०२४-२५' मधून '२०२५-२६' मध्ये कॉपी केले, 'जुनी वर्षे' नावाच्या फोल्डरात ढकलले किंवा ईमेलने कुणाला पाठवले, की नेमके हेच घडते. पीडीएफ जागच्या जागी असतात, सर्व्हर चालू असतो, आणि तरी सगळ्या लिंका हवेत लटकतात.

सेलमध्ये \\भांडार\... असा पत्ता नुसता टाइप केला तरी एक्सेल त्याची आपोआप लिंक बनवते आणि तिलाही हाच नियम लागतो. म्हणूनच 'मी तर पूर्ण पत्ता टाइप केला होता' असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो.

खात्री करून घ्यायची असेल तर एक उत्तम मार्ग आहे, आणि मला वाटते की प्रत्येकाने एकदा तरी तो वापरून पाहावा. एक्सएलएसएक्स प्रकारची फाइल ही मुळात झिप केलेली थैली असते. रजिस्टरची प्रत काढावी, प्रतीच्या नावाचे शेपूट बदलून झिप करावे आणि ती उघडावी. आत 'एक्सएल' या फोल्डरात 'वर्कशीट्स' आणि त्याच्या आत '_रेल्स' नावाचे फोल्डर असते. तिथल्या फाइली नोटपॅडमध्ये उघडल्या की प्रत्येक लिंकच्या 'टार्गेट'पुढे एक्सेलने खरोखर काय लिहून ठेवले आहे ते वाचता येते. तिथे सर्व्हरचे नाव दिसत असेल तर पत्ता पूर्ण आहे. नुसती फोल्डरची नावे किंवा दोन टिंबे आणि तिरकी रेघ दिसत असेल तर तो सापेक्ष आहे.

ड्राइव्हचे अक्षर हा पत्ता नव्हे

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे 'झेड:\ड्रॉइंग\...' अशी लिंक. शेअर केलेल्या फोल्डरला दिलेले अक्षर हे त्या संगणकावरच्या त्या वापरकर्त्यापुरते असते. डिझाइनच्या खोलीतला 'झेड' हा स्टोअरमध्ये 'वाय' असू शकतो आणि हिशेबाच्या टेबलावर नसूही शकतो. त्याच संगणकावर 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून चालवलेल्या प्रोग्रामला देखील ही अक्षरे सहसा दिसत नाहीत, हे पुष्कळांना चकवते.

अक्षरामागचा खरा पत्ता पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टवर 'नेट यूज' ही आज्ञा द्यावी. कोणते अक्षर कोणत्या सर्व्हरच्या कोणत्या शेअरला जोडले आहे त्याची यादी समोर येते. एक्सप्लोररमधल्या 'कॉपी अ‍ॅज पाथ' या सोयीने पत्ता उचलताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. अक्षराच्या ड्राइव्हमधून उचललेला पत्ता अक्षराचाच येतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे चिकटलेली असतात, ती लिंकच्या चौकटीत तशीच पडली तर लिंक चालत नाही. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\भांडार असे टाइप करून आत जावे आणि मगच पत्ता उचलावा.

टिकणारा उपाय: पत्ता सूत्रात ठेवणे

माझा अनुभव आणि मत दोन्ही असे आहे की रजिस्टरसारख्या लांब यादीत घातलेली लिंक वापरूच नये. तिथे 'हायपरलिंक' हे फंक्शन वापरावे. त्यातला पत्ता हा एक्सेलच्या दृष्टीने साधा मजकूर असल्यामुळे सेव्ह करताना ते त्याला सापेक्ष करायला जात नाही. तुम्ही जे लिहिले तेच राहते.

सर्वांत साधे रूप असे आहे:

=हायपरलिंक("\\भांडार\ड्रॉइंग\२०२४-२५\एमके-११७.पीडीएफ", "उघडा")

परंतु प्रत्येक ओळीत अख्खा पत्ता लिहिणे म्हणजे पुढच्या एप्रिलचे संकट आजच पेरून ठेवणे होय. त्याऐवजी 'पत्ते' नावाचे एक वेगळे शीट करावे, त्याच्या बी१ सेलमध्ये \\भांडार\ड्रॉइंग\ एवढाच मूळ पत्ता शेवटच्या तिरक्या रेघेसह लिहावा, आणि रजिस्टरमध्ये ड्रॉइंग क्रमांकाचा रकाना ए व वर्षाचा रकाना बी असेल तर पाचव्या ओळीचे सूत्र असे करावे:

=हायपरलिंक(पत्ते!$बी$१ & बी५ & "\" & ए५ & ".पीडीएफ", "उघडा")

हे सूत्र खालपर्यंत ओढले की काम झाले. सर्व्हर बदलला तर एकच सेल बदलावा लागतो. वर्ष हा स्वतंत्र रकाना असल्यामुळे मागच्या वर्षाची ड्रॉइंगे मागच्या वर्षाच्या फोल्डरातच उघडतात आणि नव्या वर्षासाठी रजिस्टर कॉपी करण्याची गरजच उरत नाही. बी१ मध्ये पत्ता टाइप केल्यावर एक्सेलने त्याचीही निळी लिंक बनवली, तर उजव्या बटणाने 'रिमूव्ह हायपरलिंक' करावे. सेलमधला मजकूर तसाच राहतो आणि सूत्राला तेवढाच हवा असतो.

या पद्धतीची किंमत एवढीच की फाइलींची नावे शिस्तीने ठेवावी लागतात. क्रमांक 'एमके-११७' आणि फाइल 'एमके ११७ अंतिम नवीन' अशी असेल, तर सूत्र बिचारे काय करणार? डिझाइनच्या खोलीत यावरून थोडी कुरकुर होते, पण ती एकदाच होते.

फाइलच्या नावातले एक चिन्ह मात्र कटाक्षाने टाळावे, ते म्हणजे हॅश (#). ऑफिसच्या लिंकमध्ये या चिन्हापुढचा भाग म्हणजे फाइलच्या आतली जागा असे समजले जाते, त्यामुळे 'ड्रॉइंग #१२' या फाइलचा पत्ता चिन्हापाशीच कापला जातो आणि फाइल सापडत नाही. अवतरणचिन्हांत घालून किंवा दुसऱ्या युक्तीने हे टळत नाही. फाइलचे नाव बदलणे हाच उपाय.

लांबीच्याही मर्यादा आहेत. सूत्रात अवतरणचिन्हांमध्ये एका वेळी २५५ पेक्षा जास्त अक्षरे बसत नाहीत. विंडोजची पारंपरिक मर्यादा संपूर्ण पत्त्यासाठी २६० अक्षरांची आहे, आणि उघडायची फाइल एक्सेलचीच असेल तर एक्सेलची स्वतःची मर्यादा त्याहून कमी, म्हणजे २१८ अक्षरांची आहे. फोल्डरच्या नावात ग्राहकाचे पूर्ण नाव, त्याच्या आत प्रकल्पाचे पूर्ण नाव आणि त्याच्या आत पुन्हा ग्राहकाचे नाव, अशी रचना आपल्याकडे हौसेने केली जाते. यादीतल्या सगळ्या लिंका चालतात आणि काही मोजक्याच चालत नाहीत असे दिसले, तर त्या पत्त्यांची लांबी मोजावी. त्यासाठी 'लेन' हे फंक्शन आहेच.

घातलेल्या लिंकाच ठेवायच्या असतील तर

काही ठिकाणी सूत्र शक्य नसते, कारण फाइलींची नावे कोणत्याच नियमात बसत नाहीत. तेव्हा दोन जागा तपासाव्यात. पहिली: 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' येथे 'जनरल' या भागातले 'वेब ऑप्शन्स' हे बटण, त्यात 'फाइल्स' हा टॅब आणि त्यातली 'अपडेट लिंक्स ऑन सेव्ह' ही खूण. ती काढून टाकावी. दुसरी: 'फाइल', 'इन्फो', 'प्रॉपर्टीज', 'अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीज' येथील 'समरी' या टॅबवरची 'हायपरलिंक बेस' ही रिकामी ओळ. तिच्यात \\भांडार\ड्रॉइंग\ असे लिहिले की वर्कबुक कुठेही नेले तरी सापेक्ष लिंका त्या पायापासून मोजल्या जातात.

या दोहोंपैकी दुसरी अधिक भरवशाची आहे, कारण ती वर्कबुकसोबत जाते. मात्र 'बेस' भरताच आधीच्या सगळ्या सापेक्ष लिंकांचाही अर्थ बदलतो, म्हणून जुन्या रजिस्टरमध्ये तो भरण्यापूर्वी प्रत काढून ठेवावी.

सगळ्या लिंका 'अ‍ॅपडेटा'कडे वळल्या आहेत

वीज गेली किंवा एक्सेल मध्येच बंद पडले, परत आलेली फाइल सेव्ह केली आणि त्यानंतर प्रत्येक लिंक वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरातल्या 'रोमिंग', 'मायक्रोसॉफ्ट', 'एक्सेल' अशा भलत्याच ठिकाणी बोट दाखवू लागली, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्याची वेगळी नोंद हवी. एक्सेलने आपोआप राखलेली प्रत त्या फोल्डरात असते आणि सापेक्ष पत्ते त्या जागेपासून मोजून पुन्हा लिहिले गेलेले असतात. म्हणजे मूळ रोग तोच.

सुदैवाने पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे फाइलचे नाव, शाबूत असतो. नेहमीचे 'फाइंड अँड रिप्लेस' येथे कामाचे नाही, कारण ते घातलेल्या लिंकच्या पत्त्यापर्यंत पोहोचत नाही. ते फक्त सेलमधला मजकूर आणि सूत्रे पाहते. शीटवरच्या 'हायपरलिंक्स' या संग्रहातली प्रत्येक लिंक घेऊन तिच्या 'अ‍ॅड्रेस'मधला चुकीचा भाग 'रिप्लेस'ने बदलणारा चार ओळींचा मॅक्रो (एक्सेलच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) लिहावा लागतो. मॅक्रो चालवण्यापूर्वी एका लिंकवर उजवे बटण दाबून 'एडिट हायपरलिंक'मधला चुकीचा भाग जसाच्या तसा उचलावा, कारण काही लिंकांत उलट्या आणि काहींत सुलट्या तिरक्या रेघा निघतात आणि एका रेघेच्या फरकाने बदल होत नाही. सूत्राने केलेल्या लिंका या संग्रहात मोजल्या जात नाहीत; त्यांच्यासाठी 'फाइंड अँड रिप्लेस' पुरते, आणि अशा अपघातात त्या मुळात बिघडतही नाहीत.

लिब्रेऑफिस कॅल्क

कॅल्कमध्ये फसगत अधिक सोज्वळ असते. लिंकवर माउस नेला की दिसणाऱ्या पट्टीत नेहमी पूर्ण पत्ता दिसतो, मग फाइलमध्ये सापेक्ष का लिहिलेला असेना. म्हणून पट्टीवर विश्वास न ठेवता 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लोड/सेव्ह', 'जनरल' येथे जाऊन 'सेव्ह यूआरएल्स रिलेटिव्ह टू फाइल सिस्टम' ही खूण काढावी आणि नंतर फाइल पुन्हा सेव्ह करावी. आधी सेव्ह झालेल्या फाइलीत केवळ पर्याय बदलल्याने काही बदलत नाही. ही खूण त्या संगणकापुरती असते, त्यामुळे तीच फाइल दुसऱ्याने आपल्या संगणकावर सेव्ह केली की लिंका परत सापेक्ष होऊ शकतात. एकच रजिस्टर अनेकांनी भरायचे असेल तर येथेही सूत्रच बरे. कॅल्कमध्ये पत्ता फाइल://भांडार/ड्रॉइंग/ असा सरळ तिरक्या रेघांनी लिहावा, आणि फंक्शनच्या दोन भागांमध्ये स्वल्पविराम की अर्धविराम हे तुमच्या भाषेच्या सेटिंगवर अवलंबून आहे.

बडोद्यातल्या कार्यालयांना लागू पडणारी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे फोल्डरांची नावे गुजरातीत असतात, काही मराठीत असतात. कॅल्क आपल्या फाइलीत असा पत्ता टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात लिहितो. गुजराती किंवा देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची सांकेतिक पद्धत) मध्ये तीन बाइटचे असल्यामुळे त्याची नऊ अक्षरे होतात. पत्ता बिघडला असे वाटून कुणी तो हाताने 'दुरुस्त' करू नये. तो उचलून एक्सेलच्या सूत्रात मात्र टाकू नये. तिथे मूळ लिपीतलेच नाव लिहावे.

दुसऱ्या वर्कबुकमधला आकडा आणणारी सूत्रे

येथे क्लिक करायची लिंक नसते, तर एका वर्कबुकमधला सेल दुसऱ्यात दाखवलेला असतो. यांचा नियम थोडा वेगळा आहे: स्रोत वर्कबुक ज्या वाटेने उघडले होते त्या वाटेनेच पत्ता बनतो. अक्षराच्या ड्राइव्हवरून उघडले तर अक्षर, \\भांडार वरून उघडले तर सर्व्हरचे नाव. म्हणून सूत्र करण्यापूर्वी स्रोत फाइल सर्व्हरच्या नावानेच उघडावी. आधीच झालेल्या सूत्रांसाठी 'डेटा' मेनूमधील 'एडिट लिंक्स' आणि तिथले 'चेंज सोर्स' वापरावे. पत्ता एका सेलमध्ये ठेवून 'इनडायरेक्ट'ने जोडण्याची कल्पना येथे सुचते, पण स्रोत वर्कबुक बंद असताना ते फंक्शन संदर्भाची चूक दाखवते, त्यामुळे ती सोडून द्यावी.

सर्व्हरचे नाव आणि शेवटची तपासणी

पूर्ण पत्ता तेव्हाच टिकतो जेव्हा त्यातले नाव टिकते. सर्व्हरचा आयपी क्रमांक पत्त्यात घालण्याचा मोह टाळावा. क्रमांक बदलू शकतो हे एक कारण. दुसरे असे की पत्त्यात टिंबे दिसली की विंडोज ती जागा इंटरनेटवरची समजू शकते आणि प्रत्येक फाइल उघडताना धोक्याची सूचना दाखवते. क्रमांकाशिवाय गत्यंतरच नसेल, तर 'इंटरनेट ऑप्शन्स'मधल्या 'सिक्युरिटी' टॅबवर तो 'लोकल इंट्रानेट'मध्ये नोंदवावा. ज्यांच्याकडे विंडोजचे डोमेन आहे त्यांनी डीएफएसचे नेमस्पेस (खऱ्या सर्व्हरच्या जागी वापरायचे कायमचे सामाईक नाव) करून घ्यावे, म्हणजे यंत्र बदलले तरी लिंकमधले नाव तेच राहते.

हे सगळे उपाय वर्कबुक विंडोजवरच्या एक्सेलमधून उघडण्यापुरते आहेत. तेच रजिस्टर वनड्राइव्हवर नेले तर सापेक्ष लिंका वेबच्या पत्त्यांत बदलतात, आणि ब्राउझरमध्ये चालणारे एक्सेल किंवा गूगल शीट्स सर्व्हरवरची फाइल उघडून देऊ शकत नाहीत, कारण वेबपानावरून स्थानिक फाइल उघडायला ब्राउझरच मनाई करतो. मॅकवर उलट्या रेघांचा पत्ता चालत नाही.

काम झाल्यावर तपासणी अशी करावी: रजिस्टर बंद करून त्याची प्रत आपल्या डेस्कटॉपवर घ्यावी आणि त्या प्रतीतून वरची, मधली आणि अगदी शेवटची लिंक उघडून पाहावी. नंतर तीच प्रत अशा संगणकावर उघडावी जिथे ड्राइव्हचे कोणतेच अक्षर जोडलेले नाही आणि लॉगिन दुसऱ्याचे आहे. तिथे पासवर्डाची चौकट आली किंवा परवानगी नाकारली गेली तरी हरकत नाही, पत्ता बरोबर आहे. फोल्डरची परवानगी सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून मागून घ्यावी. 'फाइल सापडत नाही' असे आले, तर झिप उघडून 'टार्गेट' पुन्हा वाचावे.